कूलर नागपूरचा, घाम डोंबिवलीचा

प्रश्न: लग्नानंतर डोंबिवलीत स्थायिक झालेल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. जुन्या चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली त्यांचं वन बीएचके घर आहे. घरात त्या, पती, दहा वर्षांचा मुलगा आणि फेब्रुवारीत नागपूरहून कायमचे राहायला आलेले त्यांचे ७२ वर्षांचे वडील. वडिलांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. येताना त्यांनी घरचा मोठा डेझर्ट कूलर टेम्पोत घालून आणला. तो हॉलमध्ये लावला, पण तासाभरात खोली कोंदते, उशा-चादरी ओलसर लागतात. वडील म्हणतात, ‘खिडक्या लाव, मग होईल थंड.’ एसीला त्यांचा विरोध आहे, कारण हाडं धरतात. पतीचा विरोध बिलासाठी. वडील दुपारभर पडून असतात, जेवण कमी झालंय, दोनदा उठताना गरगरलंही. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आम्ही नागपूरचे शेहेचाळीस काढले, तुमचं पस्तीस काय करून राहिलं!’ मुलाच्या पाठीवर घामोळं उठलंय. ताई विचारतात: कूलर नीट चालवायची काही युक्ती आहे का? एसी घ्यावाच का? की बाबांना सरळ नागपूरला परत पाठवावं?

उत्तर:

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: बाबांना उठताना दोनदा गरगरलं. सुरुवात तिथून करू. कूलर-एसीचं आठ दिवसांनी ठरलं तरी चालेल, याचं नाही.

लघवी वाढवणारी गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते. घामही तेच करतो. हिवाळ्यात नागपुरात ठरवलेला डोस डोंबिवलीच्या मे महिन्यात जास्त होऊ शकतो, म्हणजे रक्तदाब गरजेपेक्षा खाली जातो आणि माणूस उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं पडू द्या, तसंच मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ उभ्या राहा, तोल जाऊ शकतो. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल, तर वेळ-तारखेसह लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवा. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्या करायच्या का, तेही विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. काही जणांना ती हृदयासाठी दिलेली असते आणि अचानक थांबवली तर पायांवर सूज, धाप असा वेगळाच प्रकार सुरू होतो. गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही लिहिलंय का पाहा. रक्तदाबाच्या बऱ्याच जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एच’ असतं, तेव्हा त्यात यातलंच हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं असतं. अनेक घरांत कोणाच्या लक्षातही येत नाही की आपण ते घेतोय.

आता बाबांचं शेहेचाळीस आणि पस्तीस. त्यांचं म्हणणं हट्टाचं वाटत असलं तरी ते खोटं बोलत नाहीत. नागपूरचं ऊन त्यांनी खरंच काढलंय आणि कूलरच्या जोरावर चांगलं काढलंय. गफलत एवढीच की ते दोन शहरांची तुलना पाऱ्याच्या आकड्याने करतात आणि शरीराला तो एकटा आकडा कळत नाही. बाहेरची हवा कातडीइतकी गरम झाली की शरीर थंड व्हायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. घाम येणं नव्हे, वाळणं. गळून फरशीवर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा काहीच देत नाही.

एक साधा प्रयोग बाबांसमोर करा. काचेच्या नळीचा खोलीतला तापमापक घ्या (ताप मोजायचा नव्हे), त्याच्या टोकाला ओलं मलमलचं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. पारा खाली येऊन एका ठिकाणी थांबेल. पाणी वाळवून त्या हवेत जितकं थंड होता येतं, त्याची ती तळरेषा. घाम असो की कूलर, तिच्याखाली कोणी जाऊ शकत नाही. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही रेषा साधारण २३ वर असते. डोंबिवलीत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल, तर ती २८ च्या वर असते. म्हणजे दहा अंशांनी ‘थंड’ असलेल्या गावात घामाला जागा पाच अंशांनी कमी. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता यांचा एकत्र परिणाम उष्णता निर्देशांकाच्या हिशेबाने ५० अंशांसारखा होतो. बाबांना आकडेच पटत असतील तर हा सांगा.

हवामान खातंही किनारपट्टीला वेगळं मोजतं. मैदानी भागात कमाल तापमान ४० ला पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर मात्र ३७ आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, एवढं झालं की लाट धरली जाते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी परिसरातला पारा ३८ च्या आसपास होता. नागपूरकराला हा आकडा मार्चमधला वाटेल.

तर कूलर. युक्ती आहे का, तर नाही. कूलर घामाचंच काम करतो, पाणी वाळवून हवा गार करतो. नागपूरच्या ४४ अंशांत चांगल्या ताट्यांचा (पाणी झिरपणाऱ्या गवताच्या जाळ्यांचा) कूलर २७-२८ ची हवा फेकतो. तुमच्याकडे ३४ ची हवा फार तर २९-३० ची होईल, पण तिच्यात ९० टक्क्यांच्या वर ओलावा असेल. पहिली दहा मिनिटं अंगावर झोत असतो म्हणून बरं वाटतं, मग खोलीतली हवा भरत जाते आणि घाम वाळायचा थांबतो. बाबांचा खिडक्या लावायचा सल्ला तर नागपुरातही चुकीचाच होता. तिथे कूलर खिडकीबाहेर असतो, बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो आणि समोरचं दार किंचित उघडं असतं, म्हणून तो चालतो. हॉलच्या मध्यावर ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. खस बदला, बर्फ टाका, मोठा पंप लावा, यांतल्या कशानेही ती रेषा खाली सरकत नाही. बर्फाने अर्धा तास फरक जाणवतो, पण तो बर्फ करायला फ्रिज तेवढीच उष्णता घरात सोडतो.

कूलर वापरायचाच असेल तर पंपाची वायर काढून टाका, टाकी कोरडी करा, ताट्या काढा आणि खिडकीकडे पाठ आणि खोलीकडे तोंड करून नुसता पंखा म्हणून लावा. हवा फेकायची त्याची ताकद टेबलफॅनपेक्षा जास्त असते. संध्याकाळी सात-साडेसातनंतर बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की ती आत ओढायला हा उत्तम. टाकीत पाणी साठवून ठेवू नका, डेंग्यूच्या डासाला तेवढंच पुरतं.

बाहेरची हवा कधी गार झाली ते कळायला तीन-चारशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं डिजिटल यंत्र घ्या. या पत्रात सुचवलेल्या खर्चांतला हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी. खिडक्या कधी उघडायच्या, याची घरोघर भांडणं होतात आणि बहुतेक ठिकाणी सवयीने दुपारी बंद, रात्री उघड्या असा नेम असतो. विदर्भात तो बरोबर आहे. गच्चीखालच्या घरात मात्र तीन-चार वाजता आत ३७ आणि बाहेर ३४ असं सहज होतं, आणि माणसं आतली उष्णता कोंडून बसतात. यंत्र आधी आत, मग खिडकीबाहेर सावलीत पंधरा मिनिटं ठेवून पाहा. आत जास्त असेल तर उघडा, मग घड्याळ काही सांगो. पश्चिमेच्या खिडकीला ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेरून: बांबूचा चिक किंवा शेडनेट. आतला पडदा जाड असला तरी ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि तापलेला पडदा खोलीच तापवतो. वाळ्याचे ओले पडदे इकडे नकोत, कारण तोही कूलरच आहे.

घरात ओलावा आपणही घालतो. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात दोन-तीन लिटर पाणी उरलेलं असतं. ते हॉलमधल्या दोरीवर वाळलं की सगळं बाबांच्या खोलीतल्या हवेत जातं. कपडे गच्चीवर किंवा खिडकीबाहेर. गॅस जळतानाही वाफ तयार होते, एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाणी. भात-वरण कुकरमध्ये, बाकीचा स्वयंपाक सकाळी नऊच्या आत, आणि ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू. तो बसवलेला नसेल तर एसीच्या आधी तो बसवा. तुम्ही पत्रात सगळ्यांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ नाही. या घरातली सगळ्यात तापलेली जागा ओटा आहे आणि तिथे दिवसातले दोन-तीन तास तुम्हीच उभ्या असता. संध्याकाळच्या पोळ्या मे महिन्यापुरत्या बाहेरून आणल्या तर कोणाचं काही बिघडणार नाही.

पंख्यांकडे वळू. छताचा पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर थकलेला असतो. साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, किंमत शंभराच्या आसपास; इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बदलतो. पण वरच्या मजल्यावर छताच्या पंख्याची एक अडचण आहे: तो स्लॅबला लागून असलेली सगळ्यात गरम हवा खाली आणतो. म्हणून दिवसा बाबांना जमिनीलगतचा टेबलफॅन किंवा उभा पंखा द्या, खिडकीकडून त्यांच्याकडे. हवा ३७-३८ च्या खाली असेपर्यंत पंखा कामाचा आहे. चाळिशीपलीकडच्या हवेत मात्र नुसता पंखा म्हातारा माणूस आणखी तापवतो. कल्याण-डोंबिवलीत पूर्वेचे कोरडे वारे सुटले की असे दिवस येतात, तेव्हा पंख्यासोबत अंग ओलं ठेवणं भाग आहे. मानेला, हातांना ओला नॅपकिन फिरवायचा आणि वाऱ्यात बसायचं. घाम कमी येणाऱ्या वयात हा बाहेरून दिलेला घामच. दुपारी दोन वेळा कोपरापर्यंतचे हात पंधरा मिनिटं साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून बसायला सांगा, टीव्ही पाहता पाहता होतं. पाणी सकाळी सातला भरून ठेवलेलं हवं. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे येतं त्याने गारवा कुठला, चटका बसतो.

स्लॅबचं काय? तुमच्या घराचा खरा शत्रू तो आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री बारा-एकपर्यंत उष्णता खाली सोडत राहतं. हवा थोडी गार झाली तरी पलंगावर पडल्यावर वरून धग लागते ती यामुळे. स्वस्त उपाय चुन्याचा: गच्ची झाडून-धुऊन, भेगा भरून, गाळलेल्या विरलेल्या चुन्यात थोडं फेव्हिकॉलसारखं चिकट द्रव्य घालून दोन हात द्यायचे, पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात दिलेला हात वाळून पापुद्रे होऊन उडतो. याने खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पहिल्या जोरदार पावसाने चुना उतरायला लागतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये करायचं काम आहे. आता मेमध्ये केलंत तरी तीन-चार आठवडे मिळतील. पांढरा कूल रूफ रंग महाग, पण काही वर्षं टिकतो. धूळ बसली की दोन्हींची ऊन परतवायची ताकद कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा झाडू फिरवायला हवा. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा समितीला पत्र द्या. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घ्या, नाहीतर ‘तुमच्या एकट्यासाठी कशाला’ हे ऐकावं लागतं. समितीने नाही म्हटलं तर गच्चीच्या पृष्ठभागापासून दोन-तीन फूट उंच बांधलेली शेडनेट चालते. जमिनीला टेकलेली नको, मधून वारा गेला पाहिजे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची पद्धत जुनी आहे आणि गारवाही देते, पण जुन्या इमारतीत तेच पाणी भेगांतून स्लॅबच्या सळ्यांपर्यंत जातं. गळकी गच्ची असेल तर नकोच.

हे सगळं करूनही डोंबिवलीतली मे महिन्याची रात्र २७-२८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असते. दिवसभराची उष्णता शरीर रात्री झोपेत उतरवतं. ते झालं नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस आधीच थकलेला उठतो आणि म्हातारी माणसं अशी रोज थोडी थोडी खालावत जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घरात, या वयाच्या आणि या गोळ्यांवरच्या माणसासाठी, एक एसी चैन नाही. पण दोन नकोत आणि हॉलमध्येही नको. बेडरूममध्ये लावा आणि मे ते पावसापर्यंत चौघांनी तिथे गाद्या घालून झोपा. अडचण होईल, मुलाला मजा वाटेल.

साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. गच्चीखाली, चार माणसांसाठी दीड टन घ्या, इन्व्हर्टर प्रकारचा. दमट हवेत एसीचं बरंच काम हवेतलं पाणी काढण्याचं असतं. साधा, गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग हवा थंड आणि चिकट दोन्ही. इन्व्हर्टरचा मंदावत पण चालू राहतो. जुन्या इमारतीत आधी इलेक्ट्रिशियन बोलवा: मीटरवरचा मंजूर भार, १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि त्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. हॉलच्या जुन्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढून एसी चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. पाणी जाणाऱ्या नळीला सरळ उतार आहे ना, ते बसवतानाच पाहा, कारण इकडे रात्रीत बादलीभर पाणी निघतं आणि नळी वर चढली की ते भिंतीवर उतरतं.

बाबांच्या हाडांबद्दल. ते ज्या एसीला घाबरतात तो बहुधा बँकेतला किंवा रेल्वेच्या डब्यातला, तोंडावर झोत आणि १८-२०. जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं तापमान सुरुवातीला २४ वरच लागतं. तुम्ही ते २७ करा, झोताची पट्टी छताकडे वळवा आणि छताचा पंखा एक-दोनवर ठेवा. आर्द्रता ५०-५५ वर आली की २७ अंशांत चादर घ्यावीशी वाटते. ‘एसी लावतो’ म्हणू नका, ‘खोली कोरडी करतो’ म्हणा आणि छोटं यंत्र त्यांच्या हातात द्या. नागपूरकराला कोरडेपणाचं सुख समजावून सांगावं लागत नाही. बऱ्याच एसीत ‘ड्राय’ नावाची सोयही असते. जूनमधल्या दमट पण फार गरम नसलेल्या रात्री ती पुरते.

बिलाचा हिशेब पतींसोबत मांडा. एसीच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १६०० तासांची असतात. ८०० असतील तर तासाला सरासरी अर्धं युनिट. तुमच्या तापलेल्या छतासाठी त्यात पाव भाग वाढवा. रात्रीचे आठ तास म्हणजे रोज पाच युनिटं, महिन्याला दीडशे. महावितरणच्या बिलात १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला वाढीव, ३०१ ते ५०० ला त्याहून वाढीव. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच धास्तावतात. मागचं बिल काढा, त्यात दीडशे मिळवा आणि ३०० ओलांडतात का पाहा. ओलांडत असतील तर जुने पंखे आधी बदला: साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा तीस-पस्तीसचा. आणि खर्च वर्षभराचा नाही. दोन महिने आता, काही आठवडे ऑक्टोबरमध्ये.

पाणी-पेयं यांबद्दल घरोघर सल्ल्यांचा पाऊस असतो, त्यातलं बाबांना लागू पडेल एवढंच सांगते. वयाने तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ‘तहान लागली की पितो’ हे त्यांच्यासाठी खरं नाही. शिवाय लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून अशी मंडळी संध्याकाळी पाणी तोडतात, विचारून पाहा. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर सकाळी सात ते रात्री आठपर्यंत दर तासाला एक लहान पेला, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा. गडद असेल तर कमी पडतंय. कैरीचं पन्हं, पातळ ताक, कोकम सरबत, आंबील सगळं चालेल, पण मीठ चिमूटभर. रक्तदाबाच्या माणसाला ‘घाम येतो म्हणून’ रोज ओआरएस पाजू नका. ते जुलाब, उलट्या किंवा भरपूर घामानंतर, डॉक्टरांना विचारून. पुडी नसेल आणि तशी वेळ आली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. प्रमाण डोळ्यांनी नको, जास्त मिठाचं पाणी अपाय करतं. शहाळं निरुपद्रवी समजलं जातं, पण त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम अंगात साठवणाऱ्या, स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांवर असलेल्यांनी, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी रोज दोन-दोन शहाळी पिऊ नयेत.

मुलाचं घामोळं म्हणजे घामाची तोंडं बुजणं. त्यावर पावडरीचे थर आणि खोबरेल तेल, दोन्ही थांबवा. दोन वेळा साध्या पाण्याने अंघोळ, साबण एकदाच, सैल सुती बनियन, खाज फार असेल तर कॅलामाइन. फोडांत पू दिसला तर डॉक्टर. एसीत झोपायला लागला की चार-पाच दिवसांत उतरेल.

धोका कुठून सुरू होतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, मुलालाही. पायांत गोळे, मळमळ, डोकेदुखी, थकवा, पण बोलणं नीट असेल तर गार जागी झोपवा, पाय थोडे उंच, अंग ओलं करून पंखा, घोट घोट पाणी. अर्ध्या-एक तासात सुधारणा नसेल तर दवाखाना. बोलणं असंबद्ध झालं, माणूस ओळखेनासा झाला, चाल लडखडली, झोपेतून नीट जागा होईना किंवा झटका आला, तर तो उष्माघात समजा आणि १०८ ला फोन करा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ यावर विसंबू नका. दमट हवेत अंग ओलं असतानाही तो होतो. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही: कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला, काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा जंतूंचा ताप नव्हे.

राहिला नागपूरला पाठवायचा प्रश्न. मे महिन्यात, एकट्याला, नाही. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आता गेले तर ते नेमके नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या, तोंडावर पोचतील, रिकाम्या घरात, ज्यात कूलरही उरलेला नाही. शिवाय गरगरणं तिथे थांबेल असं नाही, गोळी तीच आहे. त्यांना गावाची, माणसांची ओढ असेल तर ती खरी आहे आणि तिला उन्हाळ्याचं कारण लागू नये. तिकीट काढायचंच तर विदर्भात पाऊस स्थिरावल्यावरचं, जुलैचं काढा, जाताना सोबत कोणीतरी द्या. डॉक्टरांची वेळ मात्र याच आठवड्यातली घ्या आणि जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि तो रक्तदाबाचा कागद पर्समध्ये टाका.